मृताचा मित्र: एका मृत्युनोंदीवर भाष्य

प्रजासत्ताकाच्या तिसऱ्या वर्षी, प्रेरियाल महिन्याच्या २४ तारखेला, म्हणजे १२ जून १७९५ रोजी, पॅरिस शहराच्या दप्तरात एका दहा वर्षांच्या मुलाची मृत्युनोंद झाली. मूळ वही आज अस्तित्वात नाही. मे १८७१ मध्ये, कम्युनच्या अखेरच्या आठवड्यात, पॅरिसचे नगरभवन जळाले आणि जन्ममृत्यूची जुनी दप्तरे खाक झाली. ही नोंद तेवढी आधीच नकलून आणि छापून झालेली होती, म्हणून वाचायला मिळते.

गिलोटिनवर गेलेल्या सोळाव्या लुईच्या या मुलावर चरित्रे, नाटके, कादंबऱ्या ढिगाने लिहिली गेली. त्यांतल्या पुष्कळांना वाचकाला रडवायचे होते आणि उरलेल्यांना मुलगा मेलाच नव्हता हे पटवायचे होते. नोंद लिहिणाऱ्याला या दोन्हींशी कर्तव्य नव्हते. त्याच्यापुढे २० सप्टेंबर १७९२ चा कायदा होता. त्या कायद्याने जन्म, लग्न आणि मृत्यू यांच्या वह्या चर्चकडून काढून नगरपालिकेच्या हवाली केल्या आणि मृत्यूची खबर कोणी द्यायची तेही ठरवून दिले: मृताच्या सर्वांत जवळच्या दोन नातेवाइकांनी नाहीतर शेजाऱ्यांनी, आणि तीही २४ तासांच्या आत. पुढे जे विचित्र वाटेल त्यातले बरेचसे या कलमातून आलेले आहे.

खाली नोंदीचे तुकडे पाडून त्यांचा आशय मराठीत दिला आहे.

‘लुई शार्ल कापे याची मृत्युनोंद.’

मुलाचा बाप्तिस्मा जन्माच्याच दिवशी, २७ मार्च १७८५ रोजी, व्हर्सायला झाला. तो ईस्टरचा रविवार होता. ‘लुई’ हे नाव घराण्याचे. ‘शार्ल’ हे धर्ममाता झालेल्या मावशीवरून, नेपल्सची राणी मारिया कॅरोलिना हिच्यावरून आले म्हणतात. धर्मपिता झाला सख्खा काका, प्रोव्हांसचा काउंट. हा काका ध्यानात ठेवावा. पुतण्यानंतर गादीवर हक्क सांगणारा तोच.

जन्मतः लुई शार्ल वारस नव्हता. थोरला भाऊ लुई झोझेफ हयात होता आणि धाकट्याच्या वाट्याला नॉर्मंडीच्या ड्यूकची पदवी आली होती. थोरला मणक्याच्या क्षयाने खंगून ४ जून १७८९ रोजी वारला, वयाच्या आठव्या वर्षी. त्या वेळी व्हर्सायात तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा भरलेली होती आणि पुढच्या दीड महिन्याच्या आत बास्तीयचा तुरुंग पडला. चार वर्षांच्या पोराला युवराजपद मिळाले ते असल्या मुहूर्तावर.

आता ‘कापे’. राजांना आडनाव लागत नाही. क्रांतीने राजाला साधा नागरिक करायचे ठरवले तेव्हा ते लागले, म्हणून दहाव्या शतकातला मूळ पुरुष युग कापे शोधून काढला आणि त्याचे नाव अख्ख्या कुटुंबाला चिकटवले. हे आपले नाव नव्हे असे सोळाव्या लुईने डिसेंबर १७९२ मध्ये नगराध्यक्षाला तोंडावर सांगून पाहिले. त्याचा उपयोग झाला नाही. मुलाने मात्र हे नाव स्वतःच्या हाताने लिहिलेले आहे. ६ ऑक्टोबर १७९३ च्या एका जबाबाखाली त्याची ‘लुई शार्ल कापे’ अशी सही आहे. अक्षरे वेडीवाकडी, हात कापत असावा अशी. तेव्हा त्याला नववे वर्ष चालू होते. त्या जबाबाकडे आईबापांच्या ओळीत यायचे आहे.

या ओळीत नाही ते नाव म्हणजे ‘सतरावा लुई’. बापाचा शिरच्छेद २१ जानेवारी १७९३ रोजी झाला. आठवडाभरातच परागंदा काकाने वेस्टफालियातल्या हाम गावातून पुतण्याला राजा आणि स्वतःला राजप्रतिनिधी म्हणून जाहीर केले. या राजाच्या डोक्यावर मुकुट चढला नाही आणि त्याच्या सहीने एक हुकूम सुटला नाही. तरी गणती झाली. काका पुढे अठरावा लुई म्हणवू लागला, तो हा मधला आकडा धरूनच.

‘मृत्यू याच महिन्याच्या २० तारखेस, दुपारी तीन वाजता.’

२० प्रेरियाल म्हणजे ८ जून. क्रांतीने आठवडा दहा दिवसांचा केला होता आणि दर दहावा दिवस सुट्टीचा. त्या हिशेबाने हा सुट्टीचा दिवस. बरोबर वर्षापूर्वी याच तारखेला रोबेस्पिएरने पॅरिसमध्ये परमतत्त्वाचा उत्सव थाटाने केला होता. त्यानंतर दोन महिने व्हायच्या आत तो स्वतः गिलोटिनवर गेला.

खबर २४ तासांत द्यायची, नोंद मात्र चौथ्या दिवशीची. मधल्या दिवसांचा हिशेब लागतो. २१ तारखेला तुरुंगातच चार वैद्यांनी शवविच्छेदन केले आणि त्याच दिवशी राष्ट्रीय सभेला मृत्यूची बातमी दिली गेली. २२ च्या संध्याकाळी दफन. २४ ला नोंद. वहीत मुलगा मेला तेव्हा त्याला पुरून दोन दिवस झाले होते.

नोंदीत मृत्यूचे कारण नाही. साच्यात तो रकानाच नव्हता. कारण पाहायचे ते शवविच्छेदनाच्या अहवालात. उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला गाठ, डाव्या मनगटाजवळ दुसरी, पोटात आतड्यांवर क्षयाच्या लहानमोठ्या असंख्य गाठी. वैद्यांनी निष्कर्ष काढला की हा फार दिवसांपासून मुरलेला गंडमाळेचा विकार आहे.

गंडमाळेपाशी थोडे थांबले पाहिजे. फ्रान्समध्ये हा रोग ‘राजाचा’ समजत. अभिषिक्त राजाने हात लावला की गंडमाळा बरी होते, ही श्रद्धा तिथे शतकानुशतके होती आणि राज्याभिषेकाच्या विधींचाच तो एक भाग होऊन बसला होता. सोळाव्या लुईने जून १७७५ मध्ये रँसला अभिषेकानंतर रांगेत बसवलेल्या सुमारे २,४०० रोग्यांना एकेक करून स्पर्श केला. वीस वर्षांनी त्याच महिन्यात त्याच्या मुलाच्या पोटातून वैद्यांनी तोच रोग बाहेर काढला. कादंबरीकाराने हे रचले असते तर आपण म्हटले असते, फार झाले. अहवाल लिहिणाऱ्या वैद्यांनी तिकडे बोट दाखवलेले नाही.

त्याच अहवालातले एक वाक्य पुढच्या शंभर वर्षांच्या भांडणाचे मूळ ठरले. वैद्य लिहितात की, कापेच्या मुलाचा म्हणून कमिशनरांनी आम्हाला जो देह दाखवला तो आम्ही तपासला. आमच्यापैकी दोघांनी तो, आपण गेले काही दिवस ज्याच्यावर उपचार करत होतो त्याच मुलाचा म्हणून ओळखला. वैद्यांची ही भाषा रीतसर आहे. जे स्वतःला ठाऊक तेवढेच त्यांनी लिहिले. पण ‘गेले काही दिवस’ म्हणजे किती? ज्यांनी ओळखले त्यांतला शस्त्रवैद्य पेल्तां पहिल्यांदा आला ५ जूनला आणि द्युमांजँ त्याच्याही नंतर. मे महिन्यात ज्याला बोलावले होते तो नामांकित शस्त्रवैद्य दसो १ जूनला अचानक वारला. त्याला विष घातले, कारण खाटेवरचे पोर युवराज नाही हे त्याने ओळखले होते, अशी वावडी लगेच उठली. विषाचा पुरावा कधी पुढे आला नाही, पण वावडी टिकली.

पेल्तांने आणखी एक गोष्ट केली, ती अहवालात नाही. इतरांचे लक्ष नसताना त्याने मुलाचे हृदय काढून रुमालात गुंडाळले आणि खिशात टाकले.

‘वय दहा वर्षे दोन महिने. जन्म व्हर्साय, सेन-ए-वाझ जिल्हा.’

हिशेब चोख आहे, वर बारा दिवस सोडून दिले आहेत. जिल्हा क्रांतीनेच १७९० मध्ये आखलेला, म्हणजे मृतापेक्षा पाच वर्षांनी लहान.

‘राहणार पॅरिस, तांप्लचे मनोरे, तांप्ल विभाग.’

टेंपलर सरदारांनी मध्ययुगात बांधलेला हा चौकोनी दगडी बुरूज. १० ऑगस्ट १७९२ रोजी जमावाने त्वीलरीचा राजवाडा घेतला आणि १३ तारखेला राजा, राणी, दोन मुले आणि आत्या एलिझाबेत यांना इथे आणून ठेवले. तेव्हापासून मरेपर्यंत मुलाचा मुक्काम इथेच, म्हणून कैदखान्याला ‘राहण्याचे ठिकाण’ म्हणण्यात कायद्याने काही चूक नाही.

पाच माणसांच्या कुटुंबातून आधी बाप गेला. ३ जुलै १७९३ च्या रात्री मुलाला आईपासून काढून खालच्या मजल्यावर, बापाच्या रिकाम्या खोल्यांत नेले. आईने बराच वेळ त्याला सोडले नाही. सांभाळायला नेमला तो सिमाँ नावाचा चांभार आणि त्याची बायको. राजपुत्राचा साधा नागरिक घडवायचा, हे त्यांचे काम. सिमाँने पोराला लाल टोपी घातली, क्रांतीची गाणी शिकवली, शिव्या शिकवल्या, दारूही पाजली म्हणतात. राजपक्षाच्या लेखकांनी पुढे सिमाँचा राक्षस केला. माझ्या मते मुलाच्या आयुष्यातला सर्वांत वाईट काळ सिमाँचा नव्हे, तो गेल्यानंतरचा. १९ जानेवारी १७९४ रोजी सिमाँ दांपत्याने तांप्ल सोडले आणि त्यांच्या जागी मुलाजवळ राहायला कोणालाच नेमले नाही. मारझोड करणारा का होईना, एक माणूस होता. आता तोही गेला. जवळपास सहा महिने आठ-नऊ वर्षांचे पोर एका बंद खोलीत एकटे राहिले.

बहिणीने नंतर लिहिलेल्या आठवणींत त्या खोलीचे वर्णन आहे. सहा महिने अंथरूण झाडलेले नाही, खिडकी उघडलेली नाही, घाण बाहेर नेलेली नाही, कपडे बदललेले नाहीत, सगळीकडे पिसवा आणि ढेकूण. माणसाला बोलवायला घंटेची दोरी होती. ती त्याने ओढली नाही, कारण जे येतील त्यांची त्याला धास्ती होती. हे तिने डोळ्यांनी पाहिलेले नव्हे, मागाहून ऐकलेले आहे. पण २८ जुलै १७९४ रोजी, रोबेस्पिएर पडल्यावर, सभेचा सदस्य बारास तिथे गेला तेव्हा त्याला गुडघे सुजलेला, धड उभे राहता न येणारा मुलगा सापडला. सिमाँचे डोके त्याच दिवशी रोबेस्पिएरबरोबर उडाले.

त्यानंतर लोराँ हा रखवालदार नेमला, मग गोमँ, आणि मार्च १७९५ च्या अखेरीस लान. मुलाला न्हाऊ घातले, खोली झाडली, क्वचित गच्चीवर नेले. बोलणे मात्र परतले नाही. सभेचा सदस्य आर्मां पाहणीला गेला तेव्हा मुलगा पत्त्यांशी खेळत बसला होता. आर्मांने खेळणी देऊ केली, मिठाई देऊ केली, हुकूमही करून पाहिला; मुलाने शब्द काढला नाही. ही मुकी भेट पुढे तोतयांच्या वकिलांनी फार वापरली. युवराज बोलका होता, हा मुका, सबब हा बदली पोर! मुलगा वाढवलेल्या कोणत्याही माणसाला या युक्तिवादातला निर्दयपणा समजावून सांगावा लागू नये.

आणि या पत्त्यात एक माणूस राहून गेला आहे. त्याच मनोऱ्यात, मुलाच्या वरच्या मजल्यावर, त्याची बहीण मारी-तेरेझ राहत होती. आई ऑक्टोबर १७९३ मध्ये गेली, आत्या मे १७९४ मध्ये. त्यानंतर तीही एकटीच. दोघांची शेवटची भेट ७ ऑक्टोबर १७९३ ची, तीही चौकशीसाठी तिला खाली नेले म्हणून झालेली. तिथून वीस महिने दोघे एका जिन्याच्या अंतरावर राहिली आणि एकदाही भेटली नाहीत.

‘फ्रेंचांचा शेवटचा राजा लुई कापे आणि ऑस्ट्रियाची मारी आंत्वानेत झोझेफ झान यांचा मुलगा.’

‘फ्रान्सचा राजा’ नव्हे, ‘फ्रेंचांचा राजा’. ही क्रांतीच्या पहिल्या पर्वातली तडजोड; सोळाव्या लुईने ती पदवी निमूटपणे घेतली होती. तिच्यामागे ‘शेवटचा’ हे विशेषण नोंदीने आपल्या अंगावर घेतले. इतके ठाम भविष्य मृत्यूच्या वहीत सहसा आढळत नाही, आणि ते खोटे ठरले. १८१४ मध्ये काका फ्रान्सचा राजा झाला, आणि नेमकी ‘फ्रेंचांचा राजा’ ही पदवी लुई-फिलिपने १८३० मध्ये पुन्हा घेतली.

आईच्या नावापुढचा ‘ऑस्ट्रिया’ तिच्या माहेरचा, आणि लोकांनी तिला दिलेल्या शिव्यांतला बहुतेक विखार त्याच शब्दात होता. मुलाच्या सहीचा जो जबाब वर आला तो तिच्याविरुद्ध तयार केलेला. जहाल क्रांतिकारक एबेर आणि मंडळींनी मुलाला विचारून, म्हणजे पढवून, आई आणि आत्या आपल्याशी अश्लील चाळे करत असे त्याच्याकडून वदवले आणि खाली सही घेतली. दुसऱ्या दिवशी बहिणीला आणून तिच्यासमोर तेच म्हणवले. १४ ऑक्टोबरला हा आरोप न्यायालयात आला तेव्हा राणीने आरोपाला उत्तर देण्याचे नाकारले आणि सभागृहातल्या सगळ्या आयांना साक्षीला बोलावले. दोन दिवसांनी तिचा शिरच्छेद झाला. आपल्या सहीचे पुढे काय झाले, आई जिवंत आहे की नाही, हे मुलाला मरेपर्यंत कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. बहिणीलाही सांगितले नव्हते.

‘खबर देणार: एतिएन लान, वय ३९, तांप्लचा रखवालदार, राहणार मानवी हक्क रस्ता, मानवी हक्क विभाग, घर क्रमांक ४८. आपण शेजारी असल्याचे सांगतो.’

या ओळीपाशी सुरुवातीचे कलम आठवावे. सर्वांत जवळचे दोन नातेवाईक, नाहीतर शेजारी. रखवालदार कलमात बसत नाही, शेजारी बसतो. म्हणून व्यवसायाच्या जागी ‘तांप्लचा रखवालदार’ लिहिलेला लान नात्याच्या जागी शेजारी झाला. एकाच वाक्यात दोन्ही आहे आणि कोणाला खटकलेले नाही.

सर्वांत जवळची नातेवाईक जिन्याच्या वरच्या टोकाला होती. ती सोळा वर्षांची, म्हणजे कायद्याने अज्ञान, त्यामुळे तिची सही चालली नसती हे मान्य. पण सही वेगळी आणि देह ओळखणे वेगळे. त्या मनोऱ्यात मुलाला जन्मापासून ओळखणारे एकच माणूस उरले होते. त्याला खाली आणून ‘हा तुझा भाऊ का?’ असे विचारले गेले नाही. भाऊ गेल्याचेही तिला त्या दिवशी कळू दिले नाही. पुढे उन्हाळ्यात तिच्या सोबतीला एक बाई नेमली, तिच्याकडून तिला आई, आत्या आणि भाऊ या तिघांच्याही मृत्यूची बातमी मिळाली. डिसेंबरात ऑस्ट्रियाच्या कैदेतल्या फ्रेंचांच्या बदल्यात तिला सोडून दिले.

मी या चुकीत कट पाहत नाही. कट असता तर उलट ओळख पटवण्याचे नाटक तरी नीट झाले असते. ही सरकारी कामातली नेहमीची बेपर्वाई आहे: साचा भरला, काम झाले. पण फ्रान्सला ती महागात पडली.

जाता जाता लानच्या पत्त्याविषयी. क्रांतीआधी या रस्त्याचे नाव ‘सिसिलीच्या राजाचा रस्ता’ असे होते, आणि आजही तेच आहे. मधली थोडी वर्षे तो मानवी हक्कांचा होता.

‘आणि रेमी बिगो, नोकरदार, राहणार जुना तांप्ल रस्ता, घर क्रमांक ६१. आपण मृताचा मित्र असल्याचे सांगतो.’

कलमात मित्र नाही, तरी तो चालला. शेवटचे वीस महिने ज्याला खेळायला कोणी नव्हते त्याचा मित्र वहीत सापडतो. या वाक्यावर पुष्कळ कडू विनोद झाले आहेत. मला त्यात बिगोची थट्टा करावीशी वाटत नाही. दुसरी सही हवी होती, नात्याच्या जागी काहीतरी लिहायला हवे होते, आणि ‘कोणी नाही’ असे लिहायची सोय नव्हती.

‘सदर विभागाचा पोलीस कमिशनर द्युसेर याचा २२ तारखेचा दाखला पाहिला.’

२२ ला संध्याकाळी द्युसेरच्या देखरेखीखाली पेटी सँत-मार्गेरितच्या दफनभूमीत गेली. खुणेचा दगड ठेवला नाही. अठराव्या लुईच्या राज्यात शोध सुरू झाला तेव्हा साक्षीदारांत मेळ बसेना. कोणी म्हणे सार्वजनिक खड्ड्यात पुरले, कोणी म्हणे वेगळ्या, कोणी म्हणे रात्रीतून पेटी हलवली. १८४६ मध्ये आणि पुन्हा १८९४ मध्ये तिथला एक सांगाडा काढून तपासला. तो दहा वर्षांच्या मुलापेक्षा मोठ्या वयाचा निघाला. तो मुलगा हा नव्हे, एवढेच यातून सिद्ध होते. पण खूळ पेटायला तेवढे पुरले.

तोतयांची सुरुवात त्याआधीच झाली होती. शिंप्याचा मुलगा एर्व्हागो, खडावा करणारा ब्रुनो, बॅरन रिशमाँ, पलीकडे अमेरिकेत एलिएझर विल्यम्स. एकूण संख्या शंभरावर सांगतात. मराठी वाचकाला हा मामला नवा नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने उठलेला तोतया पुण्याच्या दरबाराने जाणत्या माणसांकडून तपासवून घेतला, खोटा ठरवला, कैदेत ठेवला, तरी १७७६ मध्ये तो सुटून कोकणात किल्ले घेऊ शकला. पार्वतीबाईंनी कुंकू पुसले नव्हते आणि भाऊंच्या देहाविषयीचा संशय पुरता गेला नव्हता. तोतयाचे भांडवल तेच. पॅरिसमध्ये तर देह समोर होता आणि ओळखणारी वरच्या मजल्यावर.

तोतयांत सर्वांत चिवट नाउनडॉर्फ. हा प्रशियातला घड्याळजी १८३३ मध्ये पॅरिसला आला, त्याने राजवाड्यातल्या जुन्या नोकरांपैकी काहींना जिंकले, मारी-तेरेझची भेट मागितली आणि तिने शेवटपर्यंत दिली नाही. १८३६ मध्ये त्याला हद्दपार केले. तो १० ऑगस्ट १८४५ रोजी हॉलंडमध्ये डेल्फ्टला वारला आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याचा मृत्यू बुर्बाँ घराण्याचा, नॉर्मंडीचा ड्यूक म्हणून नोंदवून घेतला. त्यामुळे या मुलाच्या मृत्यूच्या सरकारी नोंदी दोन आहेत, पन्नास वर्षांच्या अंतराने. १९९८ मध्ये नाउनडॉर्फच्या हाडातील मातृवंशाची जनुके तपासली. ती मारी आंत्वानेतच्या माहेराशी जुळली नाहीत.

राहिले पेल्तांच्या खिशातले हृदय. त्याने ते अल्कोहोलमध्ये ठेवले, एका विद्यार्थ्याने ते चोरले, विद्यार्थ्याच्या विधवेने परत आणून दिले. पेल्तांने राजघराण्याला देऊ केले, तिकडून घेण्याची घाई दिसेना. शेवटी ते पॅरिसच्या आर्चबिशपकडे गेले, आणि १८३० च्या क्रांतीत त्याचा वाडा लुटला गेला तेव्हा बरणी फुटली. पेल्तांच्या मुलाने काचांच्या ढिगाऱ्यातून ते वेचले. पुढे ऑस्ट्रियात बुर्बाँ वारसांकडे राहून १९७५ मध्ये ते सँ-दनीच्या राजसमाधींत परतले. डिसेंबर १९९९ मध्ये त्याचे तुकडे घेतले गेले. लूव्हेनचे कासिमान आणि म्युन्स्टरचे ब्रिंकमान यांनी आपापल्या प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे तपासणी केली. एप्रिल २००० मध्ये निकाल जाहीर झाला: मारी आंत्वानेत आणि तिच्या बहिणींचे केस, तसेच मातृवंशातले हयात नातेवाईक, यांच्याशी जनुके जुळतात.

इथे एक आक्षेप रास्त आहे. मातृवंशाची जनुके दोन सख्ख्या भावांची सारखीच असणार. मग हे थोरल्या लुई झोझेफचे हृदय कशावरून नाही? याचे उत्तर जनुकांत नाही, हृदयाच्या स्थितीत आहे. थोरल्याचे हृदय राजघराण्याच्या रीतीप्रमाणे मसाले भरून जतन केले होते. या हृदयावर तशी काही खूण नाही, ते साध्या अल्कोहोलात राहिलेले आहे. पेल्तांच्या हकिगतीशी हे जुळते. ८ जून २००४ रोजी, मृत्यूच्या तारखेला, ते स्फटिकाच्या पात्रात सँ-दनीला आईबापांजवळ ठेवले.

‘सह्या: लान, बिगो, आणि सार्वजनिक अधिकारी रोबँ.’

तिघांपैकी पुन्हा प्रकाशात आला तो लान. १८३४ मध्ये पॅरिसच्या न्यायालयात तोतया रिशमाँवर खटला उभा राहिला तेव्हा त्याला साक्षीला बोलावले. त्या खटल्यात एक प्रहसनही झाले. नाउनडॉर्फच्या माणसाने भर न्यायालयात पत्र आणून दिले की आरोपी खोटा आहे, कारण खरा नॉर्मंडीचा ड्यूक मी आहे. लानने मात्र एकच सांगितले आणि पुढेही तो त्यावरून हलला नाही: मी त्वीलरीला पहाऱ्यावर असल्यापासून त्या मुलाला ओळखत होतो, तांप्लमध्ये होता तो तोच, आणि तो माझ्या हातांवर मेला. तोतयांच्या बाजूने त्याला खोटारडा ठरवण्याची पराकाष्ठा झाली, त्याच्या साक्षींतल्या बारीकसारीक विसंगती छापल्या गेल्या.

२००० च्या तपासणीनंतर त्याच्या साक्षीचा निकाल द्यायला हरकत नाही. लानने वहीत नाते सोयीचे लिहिले, पण माणूस खरा लिहिला होता.